हातखंब्याहून सुटलेला टेम्पो आणि मागून निघालेली दुचाकी

एप्रिलचा दुसरा आठवडा. हातखंबा तिठ्याजवळच्या एका आंब्याच्या पॅकिंग शेडमधून हापूसच्या पेट्या भरलेला टेम्पो दुपारी बरोबर ४ वाजता वाशीच्या बाजाराकडे निघतो. साडेचारला कुणाच्या तरी लक्षात येतं की चालकाचा मोबाइल चार्जिंगच्या बोर्डालाच लटकतोय आणि खाली टेबलावर गाडीच्या कागदपत्रांची पिशवी पडली आहे. कागद हल्ली डिजिलॉकरमध्ये असतात हे खरं, पण डिजिलॉकर त्याच मोबाइलमध्ये. क्लीनर सोबत नाही, म्हणजे दुसरा फोनही नाही. मालकाचा भाचा दुचाकी काढतो. पेट्रोल, हेल्मेट, पिशवी नीट बांधणं यात पाव तास जातो आणि ४ वाजून ४५ मिनिटांनी चाक फिरतं.

प्रसंग रचलेला आहे, रस्ता खरा आहे. मुंबई-गोवा महामार्गावर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६ वर, हातखंब्यापासून पुढची ठिकाणं हिशोबासाठी पाचाच्या पटीत गोल करून अशी धरू: संगमेश्वर ३० किलोमीटर, सावर्डे ५५, चिपळूणचा बहादूरशेख नाका ७५, खेडचा भरणे नाका १०५, कशेडी घाट ओलांडून पोलादपूर १४५, महाड १६५. भरलेल्या टेम्पोचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर, दुचाकीचा ५५.

प्रश्न तीन आहेत. कुठे गाठेल, किती वाजता गाठेल, आणि मुळात असं मागे धावत जाण्यात शहाणपण आहे का? परीक्षेत पहिले दोनच विचारतात. तिसरा शेडमध्ये उभ्या असलेल्या माणसांना पडतो, आणि त्याचं उत्तर पहिल्या दोघांच्या पोटातूनच निघतं.

आधी साधी मांडणी

दुचाकी सुटते तेव्हा टेम्पोला निघून ४५ मिनिटं, म्हणजे पाऊण तास झालेला आहे. ४० × ३/४ = ३० किलोमीटर. टेम्पो संगमेश्वरात आहे. आता दर तासाला दुचाकी ५५ कापते आणि टेम्पो ४०, म्हणजे दोघांमधलं अंतर तासाला १५ किलोमीटरने कमी होतं. ३० ÷ १५ = २ तास. दोन तासांत दुचाकी ११० किलोमीटर गेली, घड्याळात ६ वाजून ४५ मिनिटं. जागा भरणे नाक्याच्या पाच किलोमीटर पुढे, कशेडीच्या अलीकडे.

पडताळा दुसऱ्या गाडीकडून घ्यायचा. टेम्पो ४ ला निघाला, ६:४५ पर्यंत पावणेतीन तास झाले, ४० × २.७५ = ११०. दोन्ही गाड्या एकाच जागी, उत्तर बरोबर. ज्या गाडीवरून उत्तर काढलं तिच्यावरच पडताळा घेतला तर तो पडताळाच नव्हे. तीच चूक पुन्हा बरोबर दिसते.

हा नियम जुना आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथाच्या गणितपादात तो एका आर्येत बसवला आहे: विरुद्ध दिशांनी जाणारे असतील तर मधल्या अंतराला वेगांच्या बेरजेने भागा, एकाच दिशेने जाणारे असतील तर वेगांच्या फरकाने. येणारी वेळ भेट होऊन गेल्याची असू शकते किंवा व्हायची असू शकते, हेही तिथेच सांगितलं आहे. त्याच्या डोळ्यांपुढे अर्थात टेम्पो नव्हते, ग्रह होते. आपली तिथी याच फरकावर चालते. चंद्र दिवसाला सुमारे १३.२ अंश सरकतो आणि सूर्य जेमतेम १ अंश, म्हणजे फरक १२.२ अंशांच्या आसपास. दोघांत १२ अंशांची भर पडली की एक तिथी, आणि ३६० अंशांची आघाडी घेऊन चंद्राने सूर्याला पुन्हा गाठलं की साडेएकोणतीस दिवसांनी पुढची अमावास्या.

समीकरणाने सोडवायचं असेल तर आधी एक गोष्ट कागदावर लिहा: क्ष हा कुणाचा वेळ? क्ष हा दुचाकीचा वेळ धरला तर ५५ क्ष = ४० (क्ष + ०.७५), क्ष = २. क्ष हा टेम्पोचा वेळ धरला तर ४० क्ष = ५५ (क्ष − ०.७५), क्ष = २.७५. दोन्ही बरोबर, पण पहिलं उत्तर ४:४५ मध्ये मिळवायचं आणि दुसरं ४:०० मध्ये. २ तास ४ वाजल्यात मिळवून ‘६ वाजता गाठेल’ म्हणणारे दर वर्गात दोन-चार निघतात.

कुठे चुकतं

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे ३० ला ५५ ने भागणं. उत्तर ३२ मिनिटं ४४ सेकंद येतं आणि ते पटतंही, कारण दुचाकी तेवढ्या वेळात खरंच संगमेश्वरात पोचते. पण टेम्पो तिची वाट पाहत थांबलेला नाही. तेवढ्यात तो २१.८ किलोमीटर पुढे सरकलेला आहे. ते २१.८ कापेपर्यंत तो आणखी १५.९ पुढे. मग ११.५. दर वेळी उरलेलं अंतर आधीच्या ८/११ पट होतं. ही शिडी फळ्यावर उतरवून दाखवली की मुलांना वेगांतल्या फरकाने का भागायचं ते सूत्र न सांगता कळतं: ३०, २१.८, १५.९… या सगळ्यांची बेरीज शेवटी ११० वरच जाऊन टेकते.

दुसरी चूक मिनिटांची. ४५ मिनिटं म्हणजे ०.४५ तास असं लिहिलं की आघाडी १८ किलोमीटर होते, वेळ १.२ तास आणि भेटीची जागा ६६ किलोमीटर. आकडा गोंडस आहे म्हणून संशय येत नाही. पण टेम्पोकडून पडताळा घेतला तर ५ वाजून ५७ मिनिटांनी तो ७८ किलोमीटरवर असतो, चिपळूण ओलांडून. दुचाकी मागे १२ किलोमीटर. मिनिटांना ६० ने भागायचं, ही सवय एकदा लागली की आयुष्यभर पुरते. कॅल्क्युलेटर इथे मदत करत नाही, उलट तोच बिंदू टाकायचा मोह घालतो.

तिसरी चिन्हाची. ५५ (क्ष − ०.७५) ऐवजी ५५ (क्ष + ०.७५) लिहिलं तर क्ष = −२.७५ येतो. पुष्कळजण उणे चिन्ह गुपचूप खोडून ‘२.७५’ लिहितात आणि योगायोगाने गुण मिळवतात. उणे उत्तर खोडायचं नसतं, वाचायचं असतं. दुचाकीचा सरासरी वेग ३८ वरच अडकला तर ३० ÷ (−२) = −१५ तास येतात. म्हणजे दोघेही याच वेगांनी सतत चालत आलेले असते तर भेट पंधरा तासांपूर्वी होऊन गेली असती. पुढे कधीच होणार नाही. आर्यभटाची ‘होऊन गेलेली’ भेट ती हीच.

आणि चौथी, जी पुस्तकात नसते: आघाडी किती वाजेपर्यंत मोजायची? विसरलेलं ध्यानात आलं साडेचारला. पण दुचाकी सुटली पावणेपाचला. आघाडी चाक फिरेपर्यंत वाढतच असते. साडेचारचा हिशोब धरून ‘वीस किलोमीटरच पुढे आहे, आत्ता गाठतो’ म्हणत निघालेला माणूस तासाभराने वैतागतो.

दोन-पाच किलोमीटरचा वेग किती महाग पडतो

इथे गणित खरं चवदार होतं. भागाकार १५ ने आहे, आणि १५ हा ५५ आणि ४० या दोन अंदाजांचा फरक आहे. दोन्ही अंदाज ताशी पाच-पाच किलोमीटरने सहज चुकू शकतात. मग तो फरक ५ असेल किंवा २५.

दुचाकी ५५ ऐवजी ५० ने गेली तर फरक १०, वेळ ३ तास, जागा १५० किलोमीटर. पोलादपूरच्या पुढे, रात्री पावणेआठला. ६० ने गेली तर फरक २०, वेळ दीड तास, जागा ९० किलोमीटर, लोट्याच्या आसपास सव्वासहाला. वरखाली फक्त पाचचा बदल आणि भेटीची जागा ९० पासून १५० पर्यंत हलते. खाली आलं की ४० किलोमीटर वाढतात, वर गेलं की २० च वाचतात. दोन्ही बाजूंना सारखी माया नाही.

टेम्पोचा अंदाज चुकला तर दुहेरी मार. तो ४५ ने चालला तर एकीकडे आघाडी ३३.७५ किलोमीटर झालेली असते आणि दुसरीकडे फरक १० वर आलेला असतो. वेळ ३ तास २२ मिनिटांहून थोडा जास्त, जागा सुमारे १८६ किलोमीटर. महाडच्या पुढे वीस. उलट टेम्पो ३५ वर रेंगाळला तर ७२ किलोमीटरवरच, चिपळुणाच्या तोंडाशी हाती लागतो. म्हणून असल्या गणितात ‘११० किलोमीटर’ असं ठाम उत्तर देणाऱ्यापेक्षा ‘चिपळूण ते महाड यांच्यामध्ये, बहुधा खेडच्या आसपास’ म्हणणारा जास्त जाणता समजावा. परीक्षेत मात्र ११० च लिहा.

निघायला होणाऱ्या उशिराचा भाव तर याहून नेमका काढता येतो. भेटीची वेळ, टेम्पो सुटल्यापासून मोजली, तर ती आघाडीच्या मिनिटांच्या ५५/१५ पट असते, म्हणजे ३ पूर्णांक २/३ पट. ४५ × ११/३ = १६५ मिनिटं, तेच पावणेतीन तास. याचा व्यवहारातला अर्थ असा की शेडमध्ये घालवलेलं प्रत्येक मिनिट भेट ३ मिनिटं ४० सेकंदांनी पुढे ढकलतं. पाच मिनिटं आधी निघाला असता तर ६:४५ ऐवजी ६ वाजून २६ मिनिटं ४० सेकंदांनी, ९८ किलोमीटरच्या आतच गाठलं असतं. वाटेत पेट्रोलसाठी दहा मिनिटं थांबला तर भेट ३६ मिनिटं ४० सेकंदांनी लांबते आणि जागा ११० वरून १३४ वर जाते, थेट कशेडीच्या टापूत.

यातून एक सरळ तुलना निघते. वेग ५५ वरून ६० करून अर्धा तास वाचतो. सव्वाआठ मिनिटं आधी निघूनही अर्धाच तास वाचतो. आणि ताशी ६० ची सरासरी हवी असेल तर काटा बराच वेळ ७० च्या पलीकडे ठेवावा लागतो, तोही अर्धवट कामांच्या आणि अचानक येणाऱ्या वळणरस्त्यांच्या महामार्गावर, उतरत्या उन्हात. पेट्रोल कालच भरून ठेवलेलं असणं हा यातला सर्वांत स्वस्त वेग.

चहाचा थांबा

भरलेला टेम्पो चिपळुणापर्यंत एकदा तरी चहाला थांबतोच. समजा सावर्ड्याला २० मिनिटं थांबला. सोपी युक्ती अशी की थांब्याची मिनिटं आघाडीतून वजा करायची: ४५ − २० = २५ मिनिटं. २५ × ११/३ = ९१ मिनिटं ४० सेकंद चालण्याचे, अधिक २० थांब्याचे; घड्याळात ५ वाजून ५१ मिनिटं ४० सेकंद. जागा ६१ किलोमीटर. ११० वरून एकदम ६१! वीस मिनिटांच्या चहाने ४९ किलोमीटरचं धावणं वाचवलं.

घड्याळ लावून पाहा. टेम्पो सावर्ड्याला ५:२२:३० ला पोचतो, ५:४२:३० ला सुटतो. दुचाकी तिथे ५:४५ ला येते. अडीच मिनिटांनी हुकली. मधलं अंतर १.६७ किलोमीटर, ते १५ ने भागलं की ६ मिनिटं ४० सेकंद. जुळलं.

पण ही वजाबाकी डोळे मिटून करायची नाही. तोच चालक सावर्ड्याला न थांबता भरणे नाक्यावर २० मिनिटं थांबला तर? सूत्र तेच उत्तर देतं, ६१ किलोमीटर, ५:५१:४०. त्या क्षणी मात्र टेम्पो थांबलेलाच नाही, तो ७४ किलोमीटरवर धावतोय. खरं उत्तर असं: टेम्पो भरणे नाक्याला ६:३७:३० ला थांबतो, दुचाकी तिथे ६:३९:३३ ला पोचते आणि त्याला चहा पितानाच गाठते. थांबा भेटीच्या आधी संपत असेल तरच वजाबाकी चालते. थांबा भेटीच्या जागेनंतरचा असेल तर तो हिशोबात येतच नाही, आणि भेट थांब्यातच होत असेल तर फक्त दुचाकीचं पोचणं मोजायचं.

या तिन्ही शक्यता आलेखावर एका नजरेत वेगळ्या दिसतात. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर अंतर. टेम्पोची रेघ कमी चढाची, दुचाकीची उभट, थांबा म्हणजे आडवा सपाट तुकडा. रेघा जिथे छेदतात ती भेट. रेल्वेचे नियंत्रक गाड्यांचं वेळापत्रक अशाच आलेखावर हाताळतात. कोकण रेल्वेच्या बहुतांश मार्गावर एकच रूळजोडी असल्याने तिथे मागच्या गाडीने पुढचीला गाठणं म्हणजे पुढे जाणं नव्हे. रेघा स्टेशनातच छेदल्या पाहिजेत, जिथे एक गाडी बाजूच्या रुळावर उभी करता येते. रस्त्यावर ती अडचण नाही. तिथली अडचण उलटी आहे: रेघा छेदतात आणि कुणाला कळतही नाही. टेम्पो ढाब्याच्या मागच्या बाजूला, झाडाखाली उभा. दुचाकी पुढून निघून गेली. त्या क्षणापासून भाचा टेम्पोला गाठत नाही, टेम्पोपासून पळतो आहे, आणि जितका जोर लावेल तितका लांब जातो. कागदावर ‘गाठणे’ आणि ‘दिसणे’ एकच असतं. हायवेवर नसतं.

सरासरीचा सापळा, आणि त्यातून सुटण्याची रीत

‘दुचाकी चढ-वळणांत ४० ने आणि सपाटीला ६० ने जाते, म्हणजे सरासरी ५०’ हे वाक्य जवळपास नेहमी चुकीचं असतं. दोन्ही टप्पे सारख्या लांबीचे असतील तर सरासरी ४८ येते, कारण हळू टप्प्यात वेळ जास्त जातो. १२० किलोमीटर धरा: ६० ला दीड तास, ६० ला एक तास, एकूण अडीच, १२० ÷ २.५ = ४८. फरक दोनचाच. पण ४० च्या टेम्पोमागे जाताना ५० ने भेट १५० किलोमीटरवर होते आणि ४८ ने १८० वर. दोनच्या चुकीने तीस किलोमीटर.

शिवाय घाटात दोघांचे वेग सारख्या प्रमाणात पडत नाहीत. परशुराम घाटात भरलेला टेम्पो दमतो, दुचाकी तितकी नाही. तिथे ती खरी कमाई करते. मात्र कंटेनरच्या मागे रांग लागली आणि पुढे काढायला जागा नसली तर दोघेही त्याच रांगेचे वारकरी, फरक शून्य. म्हणून पूर्ण रस्त्याला एकच सरासरी लावून केलेलं गणित वेळेच्या बाबतीत बरं उतरतं, जागेच्या बाबतीत फसवतं.

प्रत्यक्ष रस्त्यावर दुसरी रीत चांगली. मधलं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, नाक्यानाक्यावर मिनिटांत मोजा. टेम्पो या नाक्यावरून किती वाजता गेला आणि दुचाकी किती वाजता आली, एवढंच. हातखंबा ते चिपळूण ७५ किलोमीटर टेम्पो ४५ ने आणि दुचाकी ६० ने, पुढे भरणे नाक्यापर्यंतचे घाटाचे ३० किलोमीटर टेम्पो ३० ने आणि दुचाकी ४५ ने जाते असं धरलं तर:

हातखंबा: टेम्पो ४:००, दुचाकी ४:४५, फरक ४५ मिनिटं.
बहादूरशेख नाका: टेम्पो ५:४०, दुचाकी ६:००, फरक २० मिनिटं.
भरणे नाका: टेम्पो ६:४०, दुचाकी ६:४०, फरक शून्य.

भेट भरणे नाक्यावरच. टेम्पोची पूर्ण सरासरी ३९.४ आणि दुचाकीची ५४.८, म्हणजे सुरुवातीच्या ४० आणि ५५ ला धरूनच. या रीतीत समीकरण नाही, फक्त प्रत्येक टप्प्यात किती मिनिटं कमावली याची बेरीज: २५ आणि २०, मिळून ४५. आघाडी संपली. किलोमीटरमधलं अंतर टेम्पो घाटात शिरला की आपोआप आकसतं आणि सपाटीला पुन्हा ताणलं जातं, त्याने जीव उगाच वरखाली होतो. मिनिटांचं अंतर तसं हलत नाही. ते फक्त खरोखर कमावल्याने कमी होतं. शिवाय नाक्यावरच्या पानवाल्याला ‘टेम्पो किती किलोमीटर पुढे असेल?’ विचारून उपयोग नाही. ‘निळ्या ताडपत्रीचा टेम्पो किती वेळापूर्वी गेला?’ याचं उत्तर तो देऊ शकतो.

मग धावायचं की थांबवायचं

आता तिसरा प्रश्न. भाच्याच्या खिशात फोन आहे, फक्त टेम्पोत नाही. वाटेत कुणी ओळखीचं माणूस उभं राहून टेम्पो थांबवू शकत असेल तर पाठलाग उरत नाही. टेम्पो उभा, दुचाकी त्याच्याकडे येते. किंमत दोन ठिकाणी पडते: टेम्पो किती मिनिटं खोळंबतो आणि दुचाकी जाऊन-येऊन किती धावते. वरच्याच टप्प्यांच्या वेगांनी, संगमेश्वरला थांबवला तर टेम्पोचा खोळंबा ३५ मिनिटं आणि दुचाकीचे ६० किलोमीटर. बहादूरशेख नाक्यावर खोळंबा २० मिनिटं, धाव १५० किलोमीटर. भरणे नाक्यावर खोळंबा नाही, धाव २१०.

माल पहाटेच्या बाजाराचा आहे. हातखंब्याहून वाशी सुमारे तीनशे किलोमीटर. ४० च्या सरासरीने साडेसात तास, म्हणजे रात्री साडेअकरा. तेव्हा अर्ध्या तासाचा खोळंबा परवडतो. या हिशोबाने संगमेश्वर सर्वांत स्वस्त. पण साडेचारला लक्षात आलं आणि टेम्पो ४:४० ला संगमेश्वरात पोचतो. दहा मिनिटांत फोन करून माणूस रस्त्यावर उभा करायचा, तोही योग्य बाजूला, हे जमलं तर जमलं. हुकलं तर टेम्पो निघून गेल्याचं कळायलाही मार्ग नाही. चिपळूणला तासाहून जास्त हाताशी आहे. निवड चिपळूणचीच.

उभं कधीपासून राहायचं हे सर्वांत वेगवान अंदाजावरून ठरवायचं, सरासरीवरून नाही. टेम्पो ५० ने आला तर ५:३०, ४५ ने ५:४०, ४० ने ५:५२, ३५ ने ६:०९. म्हणून साडेपाचला नाक्यावर. फोनवरचं बोलणं तेवढंच हवं: ‘दाजी, साडेपाचपासून बहादूरशेख नाक्यावर मुंबईकडे जाणाऱ्या बाजूला उभे राहा. निळी ताडपत्री, नंबराचे शेवटचे चार आकडे पाठवलेत. दिसला की थांबवा आणि मी येईपर्यंत सोडू नका.’ ‘सहाच्या सुमारास येईल’ असं सांगितलं तर दाजी सहाला पाच कमी असताना येतील आणि टेम्पो गेलेला असेल.

या व्यवस्थेचा आणखी एक फायदा आहे. भाचा वाटेत टेम्पोला न ओळखता पुढे आला तरी बिघडत नाही. नाक्यावर पोचल्यावर दाजी म्हणाले ‘अजून आला नाही’, तर टेम्पो मागेच आहे, थांबायचं. नाका पाहणारं माणूस नसतं तर हीच स्थिती सर्वांत वाईट ठरली असती: पुढे जावं की मागे फिरावं, काहीच कळत नाही.

एक मोह टाळायचा. टेम्पो ५:४० ला थांबवला तेव्हा भाचा ५५ किलोमीटरवर, सावर्ड्यात आहे. मधलं अंतर २० किलोमीटर. चालकाला वाटतं, वीस मिनिटं उभं राहण्यापेक्षा मागे फिरून निम्म्या वाटेत भेटू. समोरासमोर असल्याने वेगांची बेरीज: ४५ + ६० = १०५. २० ÷ १०५ तास, म्हणजे सुमारे साडेअकरा मिनिटांत भेट. लवकर वाटते खरी. पण टेम्पोला तेवढंच अंतर पुन्हा चिपळूणला यायचंय, आणखी साडेअकरा मिनिटं. एकूण खोळंबा २३ मिनिटं, उभं राहण्यापेक्षा तीन जास्त, वर सतरा किलोमीटरचं डिझेल आणि भरल्या गाडीची हायवेवरची दोन वळणं. मागून येणारा जास्त वेगवान असेल तर पुढच्याने उभं राहणंच फायद्याचं, हे कुठल्याही आकड्यांनी तपासून पाहता येतं. फिरायचं तेव्हाच, जेव्हा मागून येणारा आपल्यापेक्षा हळू असतो.

सहा वाजता पिशवी आणि मोबाइल हातात. चहा धरून सहा-पाचला टेम्पो सुटतो. उरलेले सव्वादोनशे किलोमीटर ४० ने साडेपाच तासांहून थोडे जास्त, वाशीला पावणेबारा. भाचा परतीला ५० ने येतो आणि साडेसातच्या सुमारास शेडमध्ये पोचतो. भरणे नाक्यापर्यंत धावला असता तर हातखंब्याला यायला पावणेनऊ झाले असते, आणि त्यातला जवळपास दोन तासांचा रस्ता अंधारातला.